एका थेंबापुरता साचा

प्रिय दत्ता,

नाही, कस्तुरी वाळलेली नाही. दोन्ही वेळा जेवते, भाकरी ताकात कुस्करून, तुझ्यासारखीच. तू विचारलं नाहीस, पण फोनवर तुझी बायको पद्मावती गप्प झाली की मला तेच ऐकू येतं. आणि तुझी लेक मोबाईलची चिप करत नाही. गावभर तसं सांगणं बंद कर.

ही चिप म्हणजे रबरासारखी वडी, आरपार दिसणारी. आत केसासारख्या नळ्या. रक्ताचा थेंब टाकला की लाल मागं राहतं आणि वरचं पिवळं पाणी पुढं जातं. तपासायचं ते पाणी. मी सातवी शिकलेली, मला कळलं, तर तुलाही कळेल.

आधी या वडीचा साचा कसा व्हायचा, ते ऐक. कुठल्याशा काचेच्या खोलीत डोळे सोडून सगळं अंग झाकून शिरायचं. उथळ नळीला रसायनाचा एक थर, खोल नळीला त्यावर दुसरा. थर जरा सरकला की साचा फुकट, परत नंबर लावून बसा. नुसता सोवळ्याचा स्वयंपाक!

कस्तुरीनं ते सोवळंच मोडलं. कंप्युटरवर चित्र काढते आणि घरच्या टेबलावरचं मशीन अख्खा साचा उभा करतं, चढ-उतारासकट, एकदमच. त्यात पातळ सिलिकॉन ओतायचं, बुडबुडे काढायचे, गरम करायचं, सोलून काचेवर चिकटवायचं. इथं संक्रांतीला लाकडी साच्यातून साखरेची चित्रं काढतात ना, तसंच. पण सुरुवातीला वडी सुटेचना, साच्याला चिकटून राहायची. मी म्हटलं, तुपाचं बोट फिरव. तर सख्ख्या आत्याला म्हणते, अत्ती, नळ्या बुजतील, स्वल्प गप बस. मला म्हणाली! मग साचा धुवायची, उजेडात ठेवायची, भाजायची, परत ओतायची. फेकलेल्या वड्यांनी बादली भरली. शेजारचे नागराज अण्णा विचारायचे, अक्का, जेलीचा धंदा काढला काय? पोरीनं एकदा तोंड वाकडं केलं नाही. परवा वडी सुटली, कडा अगदी कोरीव. स्वतःचं बोट टोचलं, थेंब टाकला. पिवळं पाणी आपलं आपण पुढं सरकलं. मी चष्मा पुसून परत पाहिलं. मी कुणाचं कौतुक करत नाही, तुला माहीत आहे. तिचं करते.

आता मुद्द्याचं. पाहुणे बघायला येणार, खेळ पुरे झाला, नोकरी सोडवून पोरीला घेऊन ये म्हणून तू इथल्या के. आर. पुरम स्टेशनाहून बेळगावची दोन तिकिटं पाठवलीस. ती मी रद्द केली. तिला यातलं काही माहीत नाही. ही वडी कुणासाठी, हे मी तिला विचारलं होतं. म्हणाली, नुकत्या जन्मलेल्या बाळांसाठी. त्यांच्या अंगात रक्त ते केवढं, एका थेंबात भागलं पाहिजे. तिच्या आधीचा तुझा पहिला, बारशाआधीच गेलेला, तिला ठाऊक नाही. आपण कुणी सांगितलंच नाही. दवाखान्यात त्याची टाच परत परत टोचायचे तेव्हा तू दाराबाहेर उभा असायचास. तो पाय मी धरलेला असायचा. कस्तुरी येणार नाही. यापुढं मी यावर एक शब्द बोलणार नाही, फोन केलास तरी नाही.

तुझीच,
अक्का