जिवंत ज्वालामुखीची सपत्नीक पाहणी

११ जानेवारी, रविवार. सकाळी ७.
नवी डायरी. कंपनीने दिली. या वर्षी रोज लिहायचं. मागच्या वर्षीही ठरवलं होतं, पण त्या डायरीचा कागद हलका होता.

विषय पहिला: दीक्षा, माझी बायको. दिवाळीपासून माहेरी, राहूला. भांडण अजिबात नाही. ती राहूच्याच शाळेत भूगोल शिकवते, इथून, निमोण्याहून, जाऊन-येऊन दमते, इतकंच.

मी रांजणगावला क्वालिटी सुपरवायझर. पार्ट रिजेक्ट झाला की आम्ही पाच वेळा ‘का?’ विचारून मूळ कारण शोधतो. तीच पद्धत घरी लावली.
का १: दीक्षा माहेरी का? तिथून शाळा जवळ.
का २: इथून लांब का पडते? रस्ता खराब.
मूळ कारण: रस्ता. दोनच ‘का’त सापडलं. तीन वाचले.

उपाय: रस्ता माझ्या हातात नाही, दीक्षाचा मूड आहे. लग्नानंतर तिला शब्द दिला होता, तुला खरा ज्वालामुखी दाखवीन. सोळा वर्षं ती बिचारी फळ्यावर खडूने काढतेय. अंदमानात बॅरन नावाच्या बेटावर एक जिवंत आहे. तो दाखवायचा आणि येताना तिला थेट घरी आणायचं.

१३ जानेवारी.
फोन केला. सासूबाईंनी, म्हणजे जाईबाईंनी, उचलला. म्हणाल्या, “कोन? आं, आमाला वाटलं इसरलं तुमी.” विनोदी स्वभाव आहे.

दीक्षाने फोन घेतला, तिला ज्वालामुखीचा बेत सांगितला. मग म्हणाली, येते. पण मी ज्वालामुखी बघायला येतेय, समजूत काढून घ्यायला नाही. आणखीही काहीतरी बोलत होती. तेवढ्यात कंपनीचा फोन आला. ‘येते’ मात्र स्पष्ट ऐकलं.

१८ जानेवारी.
कुणालाही सांगायचं नाही असं ठरवलं. फक्त मच्छिंद्रला सांगितलं. तो बालमित्र, पोटात ठेवतो.

२५ जानेवारी.
मच्छिंद्रने फाट्यावर फ्लेक्स लावला. बारा बाय आठ. मी गॉगलमध्ये, मागे ज्वालामुखी. ‘अंदमान येथील जागृत ज्वालामुखीच्या सपत्नीक पाहणीसाठी निवड झाल्याबद्दल मा. नागसेन साहेब यांचे हार्दिक अभिनंदन!’ खाली शुभेच्छुकांचे एकवीस फोटो. मी म्हटलं, निवड नाही रे, बुकिंग. म्हणाला, “छापून झालंय आता. आल्यावं सत्कार हाय. भाषान तयार ठेव.”

दीक्षाला फोटो पाठवला. तिने विचारलं, मी कुठेय? मी ‘सपत्नीक’वर लाल गोल करून पाठवला. निळ्या टिका आल्या. खूश असणार.

२ फेब्रुवारी.
अजून राहूला गेलो नाही. रोज फोन करायचं ठरवलं होतं, तेही राहिलं. शिफ्ट. पण आता समोरासमोरच बोलायचं. चार दिवस फक्त ती बोलणार, मी ऐकणार. ठराव पक्का.

८ फेब्रुवारी.
जहाजाची प्रॅक्टिस. एसटीच्या शेवटच्या सीटवर बसून शिरूरला गेलो. न्हावऱ्याला उलटी. कंडक्टरबाई म्हणाल्या, “आवं, खिडकीतनं तोंड काढा की!” अनुभव उपयोगी पडेल.

रात्री घर फार मोठं वाटतं. हे कुणाला सांगण्यासारखं नाही, म्हणून इथे. ती आलीच पाहिजे. नाही आली तर काय, याचा प्लॅन केलेला नाही. गरज नाही.

१२ फेब्रुवारी, गुरुवार. पोर्ट ब्लेअर.
विमान चेन्नईमार्गे. दीक्षाला खिडकी दिली. मोठेपणा म्हणून नाही, मला खाली बघवत नव्हतं. तिने वही आणलीय, सोळा वर्षांची. कात्रणं, नकाशे, मुलांनी विचारलेले प्रश्न. मला दाखवत होती. मी हो हो म्हणत सत्काराच्या भाषणाची सुरुवात मनात जुळवली. सुरुवात जमली.

१४ फेब्रुवारी, शनिवार. संध्याकाळी ६.
थोड्या वेळात जहाज सुटेल. रात्रभर प्रवास, पहाटे बेट. उतरू देत नाहीत, लांबून फेरी मारतात. गेलं वर्षभर धूर दिसतोय म्हणे. दीक्षा सकाळपासून जेवलेली नाही, इतकी आतुर. मला म्हणाली, पहाटे आपण दोघं रेलिंगला उभं राहू. ‘दोघं’ म्हणाली! इथून पुढं सगळं सोपं.

उलटीची गोळी घेतोय. ती म्हणाली, एकच घ्या, झोप येते तिनं. पण अंगापिंडाने मी मोठा. दोन घेतल्या. न्हावऱ्याची पुनरावृत्ती नको.

१५ फेब्रुवारी, रविवार. दुपारी १.
आत्ता उठलो.

ज्वालामुखी मागे गेला. दीक्षाने तीनदा उठवलं म्हणे. तिसऱ्या वेळी मी म्हणालो, फोटो काढ, नंतर बघतो. मला आठवत नाही. बाजूच्या माया नावाच्या बाईंनी मात्र साक्ष दिली. त्या सोलापूरच्या. म्हणाल्या, “तुमच्या मिसेसनी आख्ख्या डेकला समजावून सांगितलं हो. रडल्या पन. मी धरलं त्यांना.”

मी धरायला हवं होतं. पण गोळ्या जास्तच स्ट्राँग होत्या. गोळ्यांच्या कंपनीला लिहिलं पाहिजे.

फोटो पाहिले. फोटोत फारच स्पष्ट दिसतो. प्रत्यक्षात इतका दिसला नसता. दीक्षा वहीत लिहीत बसलीय. समाधान असावं.

१६ फेब्रुवारी, सोमवार.
विमानात तिला म्हटलं, सांग, कसा होता? तिने चमकून पाहिलं. मग सांगायला लागली. काळी राख, पहाटेचा लाल ठिपका, त्यावर पांढरा धूर. हात हलवत होती. लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी अशीच बोलायची. मी डायरीच्या मागे लिहून घेतलं. तीन मुद्दे झाल्यावर म्हटलं, बास, भाषणाला तीन पुरे.

मग तिने वही पिशवीत टाकली.

हडपसरला चुलतभावाकडे लावलेली गाडी घेतली. प्लॅन असा: राहूला तिच्या बॅगा उचलायच्या, नदी ओलांडायची, निमोणे. कासुर्डीला चहाला थांबलो. तिथे ती म्हणाली, मला राहूला सोडा आणि तुम्ही पुढे जा. मी म्हटलं, बॅगा? म्हणाली, बॅगा राहूलाच राहतील. म्हणाली, तुम्ही माणूस वाईट नाही हो, पण मी बोलत असते तेव्हा तुम्ही कायम झोपलेले असता. डोळे उघडे असले तरी.

मी म्हटलं, रस्ता नीट झाला की ये. ती हसली. चांगलं हसू नव्हतं ते.

दारात जाईबाई उभ्या होत्या. “चा घेता का?” म्हणाल्या. नको म्हटलं. गाडीत बसून रडलो. डोळ्यात धूळ गेली होती, असं लिहिणार होतो. रडलोच.

१७ फेब्रुवारी, मंगळवार. रात्री.
सत्कार झाला. शाळेच्या मैदानात शंभरेक माणसं. शाल, नारळ. “वयनी कुठंयत?” असं सात जणांनी विचारलं. सातही वेळा रस्ता सांगितला. सातवे गृहस्थ ग्रामपंचायतीचे, ते जरा विचित्र बघायला लागले.

भाषण. काळी राख, लाल ठिपका, पांढरा धूर. दीड मिनिटात संपलं. मच्छिंद्र म्हणाला, “प्रश्न विचारा रं पोरांनो.” सातवीतली प्रांजल उठली. “सर, त्याचा आवाज कसा येतो?”

मी पाणी प्यायलो. आणखी प्यायलो. शेवटी म्हटलं, खऱ्या पाहणाऱ्यालाच विचारू. फोन लावला, स्पीकरवर ठेवून माईकपुढे धरला. दीक्षाने उचलला. प्रांजलने परत विचारलं.

दीक्षा वीस मिनिटं बोलली. म्हणाली, आवाज जहाजाच्या इंजिनातच बुडून जातो, मी इंजिन थांबवा म्हणून कॅप्टनच्या पाया पडायला निघाले होते. लोक हसले. म्हणाली, गंधकाचा वास येतो. म्हणाली, मला एकदम माझे वारलेले वडील आठवले, त्यांनी मला पहिला नकाशा आणून दिला होता. हे मला माहीत नव्हतं. सोळा वर्षांत माहीत नव्हतं. कदाचित सांगितलं असेल.

मैदानात कुणी हललं नाही. मीही नाही. संपल्यावर ती म्हणाली, शाब्बास प्रांजल. आणि फोन ठेवला. माझं नाव निघालं नाही.

मच्छिंद्र डोळे पुसत म्हणाला, “च्यायला, फ्लेक्सवं वयनींचा फोटो पायजे व्हता रं.” जाताना फ्लेक्स उतरवून घेऊन गेला. फ्रेम त्याला दुसऱ्या कुणाच्या वाढदिवसाला लागते.

घरी येऊन अकरा जानेवारीचं पान काढलं. पुन्हा पहिल्यापासून.
का १: दीक्षा माहेरी का? मी ज्वालामुखी बघितला नाही.
का २: का नाही? झोपलो होतो.
का ३: का? दोन गोळ्या.
का ४: ती एकच घ्या म्हणाली होती, मग दोन का? ऐकलं नाही.
का ५: का ऐकलं नाही?

अर्धा तास बसलोय. कंपनीत पाचव्याला ऑपरेटरची चूक असं लिहिता येत नाही, सिस्टीमची चूक शोधावी लागते. इथे ऑपरेटर मी आणि सिस्टीमही मीच.

आणि एक दुरुस्ती. अकरा जानेवारी, मूळ कारण: खोडलं. काल राहूहून एकटा आलो तेव्हा पाहिलं, कामाची पाटीही वाचली. रस्ता चांगला आहे. दिवाळीच्या आधीच डांबर पडलंय.