पोतं अंथरलेली जागा

प्रिय कांता,

या पत्रासोबत जयाच्या हाती एक पिशवी पाठवली आहे. ती आत्ताच उघडू नको. आधी हे वाच, मंग उघडजो. तुले धीर नसते हे मले माहीत आहे, पण येवढं ऐक माहं. अन् अक्षराले हसू नको. शाळा सुटल्यापासून मी सहीशिवाय काही लिहिलं नाई. जया माही भाची, तुमच्याच पुण्यात कंपनीत लागली, ती म्हणली मावशी तू बोल, मी मोबाईलवर लिहून पाठवते. मी म्हटलं नको. जे कांताले सांगाचं आहे ते पोरीच्या तोंडापुढं बोलवत नाई.

फोन काऊन नाई केला, असं म्हणशीन. फोनवर तू बोलतेच कुठी बाई. बरं आहे, जेवली का, पाऊस आहे का, येवढं विचारते अन् फोन नंदिनीच्या हातात देते. तुही नात गोड आहे, पण तिच्याशी मी काय बोलू? ती विचारते आजी तुमच्याकडे किती ऊन आहे, मी म्हणते लय आहे, अन् फोन बंद. मंग मी खाटेवर बसून राहते. जे बोलाचं असते ते सगळं तोंडातच.

आपला कारंज्याचा बाजार आता तुले ओळखू येणार नाई. कोरोनात बसलेला धंदा उठावा म्हणून वरून सरकारचा पैसा आला, अन् या खेपेले तो खरंच बाजारापर्यंत पोचला. चिखल होता तिथं सिमेंटचे गट्टू बसवले. पाऊस पडला तरी आता लुगडं वर खोचाचं काम नाई. आपण भुईवर बसत होतो तिथं सिमेंटचे ओटे झाले, वरतून टिनाचं शेड, खांबाखांबाले लाईट. कडुलिंबाभोवती पार बांधला अन् बेंच ठेवले. लोक बाजार करून तिथं टेकते, लेकरं भजे खाते, म्हातारे गप्पा हाणते. जे गिऱ्हाईक हायवेच्या कडेलेच गाडीवरची भाजी घेऊन परस्पर घरी जात होतं, ते पुन्हा आत येऊन राह्यलं. अन् सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे बायकांसाठी संडास झालं. नळ आहे, आतून कडी लागते. आठवते का, बाजाराच्या दिवशी आपण सकाळपासून पाण्याचा घोट घेत नव्हतो, जाव कुठी म्हणून? पहिल्या दिवशी मी सगळ्यांदेखत तांब्याभर पाणी गटागटा पेली अन् तुह्या जागेकडे पाहून हसली. समोरच्या पानवाल्याले वाटलं, बाईले काही झालं.

माहाही धंदा बरा आहे. संध्याकाळपर्यंत टोपलं रिकामं होते. पण खरं सांगू, ओट्यावर मले करमत नाई. भुईवर होतो तं माहा गुडघा तुह्या गुडघ्याले लागत होता. माही मेथी घरंगळून तुह्या सांबारात, तुमच्या पुण्याच्या कोथिंबिरीत, जात होती अन् तू ती हळूच आपल्या ढिगात लोटत होती, चोट्टी. मंग आपण भांडत होतो अन् गिऱ्हाईक पाहत उभं राहत होतं. आता मधात सिमेंटची भिंतुली आहे. माही भाजी माह्यापाशीच राहते.

पोत्याची रीत तं तूच मले शिकवली. मी लग्न होऊन आली, सासूनं बाजारात बसवलं, अन् लगेच ताप आला. एक बाजार चुकला. पुढच्या बाजारी आली तं माह्या जागेवर कोणाचं तरी पोतं. मी पदर खोचून भांडाले निंघाली. तू म्हणली, अवं तुहीच जागा होय, मी राखून ठेवली. जो आला नाई त्याच्या जागेवर शेजाऱ्यानं पोतं अंथराचं, अन् अंथरल्या पोत्यावर आपल्या बाजारात कोणी बसत नाई, पाय बी देत नाई. पोरीच्या बाळंतपणाले मी गेलती तेव्हा तू अंथरलं. आमचे हे गेले, अन् मले भाजीकडे पाह्यावंसं बी वाटत नव्हतं, तेव्हा तू माहं पोतं अंथरत राह्यली अन् एक दिवस येऊन म्हणली, चाल आता, पोतं वाट पाहून राह्यलं. तुह्या त्या बोलण्यानं मी उठली. दुसऱ्या कोणाच्या बोलण्यानं नसती उठली.

मंग कोरोना आला. बाजार बंद, चौकात पोलीस. आपण टोपले डोक्यावर घेऊन घरोघरी फिरलो, लोक दाराआडूनच नाई म्हणत होते. अन् दुसऱ्या लाटेत तुहे लहानूभाऊ गेले. मी तुह्या दारापर्यंत बी येऊ शकली नाई. फाटकाबाहेर उभी होती. तू आत पायरीवर बसलती, तोंडाले पदर लावून. रडून बी नाई राह्यली. मले ते पाहवलं नाई अन् जवळ बी येता आलं नाई. मंग अश्वजित गाडी घेऊन आला अन् तुले घेऊन गेला. बरोबरच केलं त्यानं, आईले एकटं कसं ठेवीन तो. तू गाडीची काच खाली करून ते लाल लुगड्याच्या ठिगळाचं पोतं माह्याकडे देलं. दोन-तीन बाजार राख म्हणली, येतेच मी.

मी राखलं बाई. बाजार सुरू झाला त्या दिवसापासून आधी तुहं पोतं अंथरत होती अन् मंग माहं. झाडून, सरळ करून, कोपऱ्यावर दगड ठेवून. गिऱ्हाईक विचारे, कांताबाई कुठी गेल्या? मी म्हणे, येते ना. वर्ष गेले तरी मी तेच म्हणे, अन् विचारणारे कमी झाले. मंग मीच लोकाईले सांगाले लागली, कांता येऊन राह्यली बरं, दिवाळीले. कोणी विचारलं नसतानाच.

ओटे बांधाच्या आधी रजत नावाचा एक इंजिनिअर पोट्टा मोजणीले आला. कोण कुठी बसते ते लिहून राह्यला होता. तुह्या पोत्यापाशी थांबला अन् विचारलं, इथं कोण? मी तोंड उघडाच्या आधीच सगळी ओळ बोलली, कांता. कुठी आहे म्हणला, तं पानवाल्यानं सांगतलं, आज आली नाई. आज नाई आली म्हणे! अन् कांता, त्यानं काही खोटं सांगतलं असं आमच्यापैकी कोणालेच वाटलं नाई. पोतं आहे म्हणजे माणूस आहे. रजतनं लिहून घेतलं अन् तुह्या नावाचा ओटा झाला. निळ्या रंगानं नाव बी घातलं, कांता लहानू थूल. माह्या बाजूले. त्या दिवशी मी देवाले नारळ फोडलं अन् तुह्या बाबासाहेबाचा फोटो तुह्या बंद घराच्या दाराले टेकवून त्याले हार बी घातला.

पण पंचायतीनं मंग सांगतलं, ओटा रिकामा ठेवता येत नाई. ज्याचा आहे त्यानं येऊन बसावं, नाई तं ज्याले भेटला नाई त्याले द्यावा. मी रजतवर खेकसली. तो गरीब पोट्टा म्हणला, मावशी, पैसा धंदा करणाऱ्या माणसासाठी आला, पोत्यासाठी नाई. मले राग आला, अन् मी तुहं पोतं आणखीन एकदा झाडून अंथरलं.

अन्नपूर्णा नावाची एक बाई आहे. नवरा ट्रकवर होता, कोरोनात काम सुटलं ते सुटलंच. ती आंबाडी अन् सांबार घेऊन बाजाराबाहेर उन्हात बसते, मांडीवर लेकरू. ती पंचायतीत नाई गेली, सरळ माह्यापाशी आली. म्हणली, पोतं तुम्ही अंथरता, मंग तुमालेच विचारते. मी तिले बोलली, तुह्या बापाची जागा आहे का. ती लेकरू खांद्यावर घेऊन परत उन्हात जाऊन बसली. त्या दिवशी घरी जाऊन मी भाकर टाकली अन् ती तशीच ठेवून देली. आपण आज वाईट वागलो, हे सांगाले बी घरात कोणी नाई.

तुले फोन केला, ओट्याचं सांगतलं. तू म्हणली, पोळा झाला की येते. पोळा झाला. मंग म्हणली, थंडीत येते.

अन् मंग जया सुट्टीले आली. हसत हसत मोबाईलमधला फोटो दाखवला. तू होती. सोसायटीच्या फाटकापाशी, खाली पेपर अंथरून, पेपरवर मेथीच्या जुड्या. बाजूले कोणी एक बाई अन् तू तिच्याशी बोलून हसून राह्यली, तोंड उघडं टाकून, जशी आपल्या बाजारात हसत होती. जयाले वाटलं मी खुश होईन. मी मोबाईल तिच्या हातात देला अन् चुलीपाशी गेली. लय राग आला तुहा. इथं मी तुही जागा झाडून राह्यली, अन् तू तिथं दुकान मांडून बसली, अन् मले एका शब्दानं नाई सांगतलं.

जयानंच मंग सांगतलं. तिथं रखवालदार येऊन बायकायले उठवते म्हणे. आजची जागा उद्या भेटन का नाई, ठाऊक नसते. घरात दिवसभर भिंतीकडे पाहून तुहा जीव घुसमटला, म्हणून तूच हट्टानं बसाले लागली. अन् तू जयाले बजावलं होतं, कोकिळाले सांगू नको, ती पोतं अंथरून राह्यली, तिले वाईट वाटन. पोरीच्या पोटात राह्यलं नाई ते बरं झालं. हे ऐकलं अन् माहा राग गेला, कांता. मंग मी रडली. आमचे हे गेले तेव्हा बी येवढी रडली नव्हती.

गेल्या बाजारी मी पोतं अंथरलं नाई. अन्नपूर्णाले हाक मारली. ती आधी आलीच नाई, वाटलं असन पुन्हा बोलन ही बुढी. मी जाऊन तिचं टोपलं उचलून आणलं अन् तुह्या ओट्यावर ठेवलं. रजत नाव पुसाले माणूस लावणार होता, तं ती म्हणली राहू द्या, हळूहळू आपोआप जाईन. लेकरू भिंतुलीवर पालथं पडून माह्या वांग्यांशी खेळते. चांगली आहे ती. पण भाव सांगते तं मले वाटते तू बोलली, अन् मी मान वळवते.

आता पिशवी उघड. त्यात तुहं पोतं आहे. धुतलं नाई, इथली माती आहे त्याले, असू दे. तिथं पेपरावर बसू नको, हे अंथरत जा. अन् ती बाजूची बाई, जिच्याशी तू हसून राह्यलती, तिले आपली रीत नीट समजावून सांग. तुले ताप आला, नाई तं नंदिनीच्या शाळेत जावं लागलं, तं हे पोतं तिच्यापाशी देत जा. तिनं अंथरावं. येवढ्या दुरून मले आता तुही जागा राखता येणार नाई.

तुह्या उजव्या हाताले बसणारी,
तुहीच
कोकिळा