चौथी खुंटी

मी, खाली सही करणारा, वय पंचावन्न, सहावी ते आठवीच्या मुलांना अलंकार आणि कविता शिकवून पोट भरणारा शिक्षक, हे मृत्युपत्र स्वहस्ते आणि पूर्ण शुद्धीत लिहीत आहे. माझ्यावर कुणाचेही दडपण नाही. मत्सर आहे, पण तो दडपणात धरत नाहीत, असे वकीलसाहेब म्हणाले.

कलम १. माझे राहते घर, म्हणजे दोन खोल्या, गॅलरी आणि गॅलरीचे नीट न लागणारे दार, माझ्यामागे माझ्या भाचीस मिळावे. बँकेत जे उरेल तेही तिचेच. तिचे वडील आणि मागोमाग माझी बहीण गेल्यापासून ती माझ्याकडेच वाढली. ती मला मुलीसारखी आहे.

कलम २. माझे वडील सुतार होते. त्यांची हत्यारे धाकट्या भावास. पैकी रंधा त्याने मला न विचारता आधीच नेला आहे. हे कलम केवळ त्या नेण्याला कायदेशीर रूप देण्यापुरते. तो दार अडवायला वापरू नये, एवढी विनंती.

कलम ३. काव्यशास्त्राचे माझे संस्कृत ग्रंथ शाळेच्या ग्रंथालयास. बंद कपाटात राहायची त्यांना सवय आहे. त्रास देणार नाहीत.

कलम ४. आता मुद्द्याचे. वडिलांनी मला शाळेसाठी एक लाकडी फळा करून दिला होता. त्याला ओळीने चार खुंट्या. पहिलीवर ज्याला उपमा द्यायची ते, दुसरीवर ज्याची द्यायची ते, तिसरीवर दोघांतला समान गुण. आणि चौथीवर कायमची एक पट्टी, तिच्यावर वडिलांनी स्वतः कोरलेला शब्द: 'सारखा'. राजा, सिंह, शूर, सारखा. सिंह टांगून टांगून दुसरी खुंटी सैल झाली.

मग शेजारच्या तुकडीवर नव्या बाई आल्या. आता त्यांचे केस पिकले, तरी माझ्या लेखी त्या नव्याच. "चार दिवस फळा द्या ना, सर," म्हणाल्या. दिला. त्यांनी तिसरी खुंटी रिकामी ठेवली आणि वर्गाला म्हणाल्या, "हिच्यावर काय लावायचं ते तुम्ही सांगा." एक मुलगा ओरडला, "माझी आई बसस्टॉपसारखी!" "का रे?" "सगळे तिच्यापाशी थांबतात, पण बघतात बसकडे!" वर्ग आधी हसला, मग गप्प झाला. मधल्या भिंतीतून मला ते गप्प होणेसुद्धा ऐकू आले. समान गुण गाळला की लुप्तोपमा होते, हे मी वर्षानुवर्षे व्याख्येसह लिहून देत होतो. माझ्या वर्गात लुप्त व्हायचे ते मुलांचे लक्ष. तेव्हापासून माझ्या पोटात दुखते. डॉक्टरांनी तपासले, त्यांना पोटात काही सापडले नाही.

फळा परत आला तेव्हा 'सारखा' गायब. "सापडेल हो, सर," म्हणून बाई हसल्या. पट्टी सापडली नाही; हसणे अजून चालू आहे.

भाची त्याच तुकडीत होती, कारण घरचे मूल आपल्या वर्गात घ्यायचे नाही असा शाळेचा नियम. येत्या सत्रापासून ती याच शाळेत शिकवणार आहे. परवा म्हणाली, "मामा, अलंकार मी बाईंकडूनच शिकले ना!"

"आणि घरी मी काय भांडी घासत होतो?"

"तू व्याख्या शिकवल्यास."

सबब सदर फळा भाचीस द्यावा. अट अशी की, तो नव्या बाईंच्या हाती एका तासासाठीही पडता कामा नये. साक्षीदार म्हणून मुद्दाम त्यांनाच बोलावले आहे. साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही मिळू नये, असा वकीलसाहेबांचा दंडक आहे. तो मला फार आवडला.

पुरवणी. येथवर लिहून झाल्यावर नव्या बाई आल्या. वाचायची गरज नव्हती. पण त्यांनी कलम ४ वाचलेच.

"सर, पट्टी मी नाही हो हरवली. तुमच्या भाचीनं नेली."

"ती कशाला नेईल?"

"तिनं पहिल्या खुंटीवर 'मामा' लावलं, दुसरीवर 'बाबा'. मी म्हटलं, आता 'सारखा' वाच. तर तिनं ती पट्टी काढून दप्तरातच टाकली. म्हणाली, ही इथं लागत नाही."

"मग मला का नाही सांगितलंत?"

"तीच नको म्हणाली. म्हणे, मामा सांगेल, हे रूपक झालं."

खरेच सांगितले असते.

म्हणजे इतकी वर्षे हे नव्या बाईंना ठाऊक होते आणि मला नाही. मत्सर कमी झालेला नाही, वाढला आहे. तो मी कुणाच्याही नावे करत नाही, सोबत नेणार आहे. क्षमा मागण्याचे कलम या मृत्युपत्रात नाही. तथापि कलम ४ मधील वाटप व अट रद्द. फळा नव्या बाईंना द्यावा; सबब त्यांची साक्ष चालणार नाही. पट्टी जिच्याकडे आहे तिच्याकडेच राहावी.

तसेच कलम १ मध्ये 'मुलीसारखी' या शब्दातील 'सारखी' एवढी अक्षरे मी खोडली आहेत. त्यामुळे वाक्याचे व्याकरण बिघडते, हे मला कळते. बिघडू द्यावे. खाडाखोडीवर सही केली आहे.

ठिकाण: माझे राहते घर, जेवणाचे टेबल
दिनांक: सोळा नोव्हेंबर, रविवार

सही: भाचीचा मामा

साक्षीदार:
१. तळमजल्यावरचे घड्याळजी
२. ~~नव्या बाई~~ शाळेचे ग्रंथपाल (कलम ३ वाचून नाराज, तरीही सही केली)