टेबलाखालचे ठोकळे

रविवार, २३ तारीख, सकाळ

ती. ताईस,

नमस्कार. हे माझं चौथं पत्र. आधीची तीन तू न फोडताच ड्रॉवरमध्ये टाकलीस, असं भावजींकडून कळलं. हेही टाकलंस तरी माझी तक्रार नाही. त्या तिन्हींत मी नुसतं हवापाणी लिहिलं होतं, त्यामुळे तुझं काही अडलेलं नाही.

इकडे सगळं ठीक. बाबांचा खोकला गेला. दुकानात शाळेच्या गणवेशांचं काम आलंय, दीडशे जोड. बाबांना मी दिवसभर दुकानातच खुर्चीत बसवतो. गिऱ्हाईक आलं की ते बोट दाखवून मापं चुकल्याचं सांगतात, आणि वैताग असा की बहुतेक वेळा खरंच चुकलेली असतात.

तुझ्या डाव्या पायाची बधिरता कमी झाली का? भावजींना विचारलं की ते ‘आहे तसंच’ म्हणतात आणि फोन ठेवतात. परवा पाकिटं आणायला पोस्टात गेलो होतो. तुझ्या काउंटरवर नवीन बाई बसते. वरच्या क्लबातून टेबल टेनिसच्या चेंडूचा टकटक आवाज येत होता. जिन्यापाशी स्पर्धेची यादी लावलीय, तिच्यात तुझं नाव पेनने खोडलंय. मी पाकिटं न घेताच परत आलो.

आता पाठीचं लिहितो. किती टाळणार?

बारा वर्षं आपल्या घरात माझ्या पाठीला जावयाचा मान होता. मला बादली उचलू द्यायची नाही, गादी उलटू द्यायची नाही, लग्नाकार्यात पहिली खुर्ची मला. तू तर मला पिशवीसुद्धा धरू द्यायची नाहीस. बाबांचं अर्धं अंग गेलं, तेव्हा त्यांना कोण नेणार यावर चर्चासुद्धा झाली नाही. ‘त्याच्या पाठीला झेपणार आहे का?’ असं तूच म्हणालीस आणि त्यांना घेऊन गेलीस. दिवसातून सहा वेळा त्यांना उचलायचं. पलंगावरून खुर्चीत, खुर्चीतून न्हाणीघरात, आणि परत. भावजी फिरतीवर, म्हणजे तू एकटीच.

दुखत होतं गं. खोटं नव्हतं ते. उभं राहिलं की कमरेत कळ यायची ती थेट पोटरीपर्यंत. पोहणं सुटलं, सायकल सुटली, शेवटी शेवटी तर पायमोजे बायको घालून द्यायची.

मग तूच त्या व्यायामवाल्या बाई शोधून काढल्यास. त्यांनी व्यायाम शिकवले ते शिकवलेच, पण तिसऱ्या खेपेला म्हणाल्या, ‘तुम्ही काम करता ती जागा दाखवा.’ दुकानात आल्या, मला कापड कापायला लावलं आणि हसायलाच लागल्या. ‘अहो, हे टेबल कोणाच्या उंचीचं आहे?’

बाबांच्या उंचीचं, ताई! बाबांनी स्वतःच्या हातांनी बनवलेलं कटिंग टेबल. ते माझ्या खांद्याला लागतात. बारा वर्षं मी त्या टेबलावर रोज आठ तास वाकून कात्री चालवली. आपण सगळ्यांनी मिळून तेल, पट्टे, फळीचा पलंग, सगळं केलं. टेबलाकडे कोणी बघितलं नाही, कारण ते बाबांचं टेबल, त्याला हात कसा लावायचा? चार पायांखाली चार इंचांचे लाकडी ठोकळे ठेवले. व्यायाम चालूच होते. अडीच महिन्यांत पाठ दुखायची थांबली.

थांबली म्हणजे थांबलीच. याला दहा महिने झाले.

पहिले पंधरा दिवस सांगितलं नाही, ते भीतीने. बोललो आणि उलटलं तर? मग म्हटलं, महिना जाऊ दे. मग एका गुरुवारी, दुकानाच्या सुट्टीच्या दिवशी, तलावावर गेलो आणि दर गुरुवारी जायचं ठरवलं. पाण्यात शिरलो आणि बारा वर्षांनी पाठीवर पडून आकाश बघितलं. ताई, मी पाण्यातच रडलो. त्या क्षणी मला पहिल्यांदा लख्ख कळलं की हे तुला सांगितलं तर गुरुवार जाईल. बाबा माझ्याकडे येतील किंवा निदान अर्धे दिवस वाटून घ्यावे लागतील. मी सांगितलं नाही. ठोकळ्यांवर कापडाची झालर लावली. बायकोला म्हटलं, ताईला सांगू नकोस, उगाच आशा लावून बसेल. तुझ्याकडे येताना मी कमरेवर हात ठेवून जिना चढायचो. वर आलो की तू पाठीमागे उशी द्यायचीस. मी ती घ्यायचो.

आणि तो गुरुवार.

तुझा फोन आला तेव्हा मी तलावाच्या पायरीवर उभा होतो. खांद्यावर टॉवेल. तू म्हणालीस, ‘बाबा न्हाणीघरात घसरलेत, भिंतीला टेकून बसलेत, मला एकटीला उठवत नाहीये. तू नुसता येऊन धर, उचलायचं मी बघते.’ मी म्हणालो, ‘आज उठताच येत नाहीये गं.’ तू विचारलंस, ‘हा पाण्याचा आवाज कसला?’ मी म्हणालो, बादली भरतेय. तू म्हणालीस, ‘मग तू पडून राहा. वाकू नकोस.’

फोन ठेवून मी बारा फेऱ्या मारल्या. मोजून.

तेवढ्या वेळात तू त्यांना एकटीने उचललंस आणि तुझी कंबर गेली. पुढचं तुला माहीत आहे. आडवं पडल्या पडल्या तू त्याच बाईंना फोन लावलास, आणि त्या कौतुकाने म्हणाल्या, ‘तुमचे भाऊ तर कधीच बरे झाले, पोहतात की आता!’ दुसऱ्या दिवशी भावजी बाबांना आणि त्यांच्या कपड्यांच्या दोन पिशव्या घेऊन दारात उभे. म्हणाले, ‘पाठ बरी आहे म्हणे तुमची.’ बस, एवढंच.

तेव्हापासून मी पोहलेलो नाही. हे तुझ्यावर उपकार म्हणून सांगत नाही. रोज सकाळी मी आधी कंबर चाचपतो, दुखतेय का बघायला. दुखत नाही. इतकं उचलूनही दुखत नाही. ही लाज कुठे ठेवू ते कळत नाही.

बाबांना यातलं काही माहीत नव्हतं. त्यांना वाटायचं, तू पडलीस म्हणून मी बिचारा दुखऱ्या पाठीने त्यांचं करतोय. उचलायला वाकलो की ते त्यांच्या तुटक्या बोलण्यात म्हणायचे, ‘सोड... पाठ... जप.’ मागच्या आठवड्यात झालर सरकली आणि त्यांना ठोकळे दिसले. बाबा कारागीर माणूस, बघताक्षणी सगळं उमगलं त्यांना. टेबलावर चांगला हात ठेवून ते रडायला लागले. म्हणाले, ‘माझं... चुकलं.’

आणि मी काय म्हणालो माहीत आहे? ‘असू दे बाबा.’ मी त्यांना माफ केलं, ताई. मी!

ते ‘असू दे’ चार दिवस मला टोचत राहिलं. काल दुपारी दुकान बंद केलं, त्यांच्यासमोर बसलो आणि पाण्याच्या आवाजापासून बारा फेऱ्यांपर्यंत सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. मग ‘ताई... ताई...’ एवढंच म्हणत राहिले.

म्हणून येत्या शनिवारी चार वाजता मी त्यांना घेऊन येतोय. तुझे दोन्ही जिने मी उचलून चढवीन. तू माझं तोंड बघू नकोस. त्यांना तुझ्या पलंगाशी बसवून मी खाली रस्त्यावर थांबेन, तू म्हणशील तितका वेळ. नको असेल तर भावजींना फोन करायला सांग, पण बाबांसाठी नको म्हणू नकोस.

माफी मागत नाही. मागण्याचं तोंड नाही.

आज सकाळी त्यांना उचलायला वाकलो. रोज ते चांगला हात माझ्या गळ्यात टाकतात. आज टाकला नाही. डोळे घट्ट मिटून घेतले, आणि ‘पाठ जप’ म्हणाले नाहीत.

तुझा,
अगदी ठणठणीत असलेला
भाऊ