दोन स्कॅनच्या मधला अर्धा तास

प्रिय शुक्री,

काल तुझ्या आईच्या चाळिसाव्या दिवसाला महदियाला जाऊन आले. तुझ्या बहिणीने, हायेतने सगळं नीट केलं. अंगणात चटया घातल्या होत्या, कुराण वाचणारे वेळेवर आले, माशाचं कुसकुस शेजारपाजारच्यांना वाटूनही उरलं. तुझा फोन तिने भिंतीला टेकवून ठेवला होता. आम्हाला तू दिसत होतास. तुला बहुधा छत आणि बायकांची डोकीच दिसली असतील. मी दाराच्या बाजूला उभी होते. पुढे येऊन बोलावं असं एकदा मनात आलं, पण इतक्या वर्षांनी, भरल्या अंगणात, भिंतीला टेकवलेल्या फोनशी काय बोलायचं ते सुचलं नाही. नंतर आम्ही दोघी दीपगृहाखालच्या कबरस्तानात गेलो. समुद्र खवळलेला होता. तिची जागा चांगली आहे, वरच्या अंगाला. लाटांचे शिंतोडे तिथवर येत नाहीत.

अंगणात सगळ्या बायका एकच म्हणत होत्या, कशी अचानक गेली बिचारी, बसल्या जागी हृदय थांबलं. तुलाही तेच सांगितलंय. शुक्री, हे पुढचं वाचताना आधी हायेतवर रागावणार नाहीस असं ठरव. तिला आईने शपथ घातली होती, आणि तुझ्या आईची शपथ मोडायची छाती तुमच्या घरात कुणाची होती? तुझी आई अचानक गेली नाही. जवळजवळ वर्षभर ती हळूहळू जात होती, आणि त्यातला बराचसा काळ मी तिच्याजवळ होते.

मागच्या साली ऑलिव्हची तोडणी चालू होती, त्या दिवसांत ती आमच्या इस्पितळात आली. मी सूसला अजून त्याच एमआरआय विभागात आहे. दार उघडलं तर समोर तुझी आई, जिला मी मावशी या नात्याने खालती म्हणायचे ती मन्नूबिया, पांढरी सफसारीची चादर डोक्यावरून घेतलेली, मागे हायेत रडून लाल झालेली. मला पाहिलं आणि हायेतला म्हणाली, “अख्ख्या सूसमध्ये दुसरं यंत्र मिळालं नाही का तुला?” मला हसू आलं. आणि ती हसू आवरते आहे, हेही मला दिसलं. आतड्यात गाठ होती आणि ती यकृतापर्यंत पोचली होती. डॉक्टर ज़ुहैरनी तिला सगळं स्पष्ट सांगितलं होतं. तिनेच सांगायला लावलं होतं. शस्त्रक्रियेपलीकडचं होतं. औषधांनी वेळ मिळाला तर मिळाला.

डॉक्टर ज़ुहैरचं त्या वेळी एक संशोधन चालू होतं, त्याची यंत्राची बाजू मी सांभाळते. गाठ लहान झाली की मोठी, हे चित्रात दिसायला महिने जातात, आणि तोवर रोगी फुकट औषध सोसत राहतो. म्हणून आम्ही गाठीच्या आत पाणी किती मोकळं फिरतं ते मोजतो. पेशी मेल्या की जागा होते, पाणी मोकळं फिरतं, आकडा वाढतो. म्हणजे औषध लागू पडतंय की नाही ते लवकर कळावं. पण यंत्राचा आकडा आपला आपणही थोडा हलतो. माणूस जरा निराळा श्वास घेतो, जरा निराळा झोपतो, तरी फरक पडतो. तो किती हलतो ते कळल्याशिवाय वाढला म्हणून नाचण्यात अर्थ नाही. त्यासाठी काही रोग्यांचा स्कॅन औषध सुरू होण्याआधी दोनदा करायचा होता. एकदा करायचा, उतरवायचं, अर्धा तास बसवायचं, आणि पुन्हा तोच स्कॅन.

विचारायची जबाबदारी माझी होती. तुझ्या आईने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, “याने मला काय मिळणार?” मी म्हटलं, “काही नाही, खालती.” “मग कुणाला मिळणार?” “तुमच्यामागून येतील त्यांना. कदाचित.”  “निदान खोटं तरी बोलत नाहीस,” म्हणाली, आणि सफसारी काढून हायेतच्या हातात दिली.

त्या मधल्या अर्ध्या तासात आम्ही दोघी बाहेरच्या बाकावर बसलो होतो. तिच्या अंगावर इस्पितळाचा झगा, वर मी घातलेली चादर. सकाळपासून उपाशी ठेवलं म्हणून ती कुरकुरत होती. एक घोट चहासुद्धा नाही, रमजान तरी वर्षातून एकदा येतो, म्हणाली. मग एकाएकी, यंत्राकडे मान करून, “यातली किरणं अंगाला लागतात तरी किती, बाई?” तुला आठवतं ना? किरणांत दिवसभर बसणाऱ्या मुलीच्या पोटी काय निपजणार, आपल्या लग्नाला नको म्हणताना हेच तिचं पहिलं आणि शेवटचं म्हणणं होतं. तू तिला समजावलं होतंस की एमआरआयमध्ये किरणं नसतात, लोहचुंबक असतो. त्यावर ती म्हणाली होती, लोहचुंबक म्हणजे काय कमी! मी त्या दिवशी पुन्हा तेच सांगितलं. “हो, शुक्री म्हणाला होता,” ती म्हणाली.  तुझं नाव तिने माझ्यासमोर घेतलं ते तेव्हाच, पहिल्यांदा. “त्याला कळता कामा नये,” म्हणाली. “कळलं तर तो तिकडे राहायच्या परवान्याचे कागद अर्धवट टाकून येईल. एकदा आला की त्या देशात त्याला परत आत घेणार नाहीत. मग जन्मभर माझ्या कबरीकडे बघून दात खात बसेल. मला तो तिकडेच हवा.” मी म्हटलं, हे त्याचं त्याला ठरवू द्या. तिने माझ्या गुडघ्यावर हात आपटला. “आई तू आहेस की मी?” तेवढ्यात वेळ झाली, आणि मी तिला हात धरून आत नेलं.

हिवाळाभर औषधं चालली. तू फोन करायचास तेव्हा ती खिडकीकडे पाठ करून बसायची, चेहरा अंधारात राहावा म्हणून. तू म्हणायचास, आई, उजेडाकडे तोंड कर. ती म्हणायची, उन्हाने डोळे दुखतात. गालांना रंग लावायची, हायेतकडून लावून घ्यायची. पायांचे तळवे सोलपटले होते, तोंडात फोड आले होते, पातळ केलेला शोरबासुद्धा घशाखाली उतरत नव्हता. आणि तुला सांगायची, आज मुलूखियाची भाजी केली होती, सगळ्यांनी बोटं चाटली. हे मी तुला दुखवायला सांगत नाही. ती तुला फसवण्यात पटाईत झाली होती, आणि तू फसलास यात तुझं काही चुकलं नाही, एवढंच सांगायचंय.

वसंतात पुन्हा स्कॅन केला. गाठींचा आकार जवळजवळ तेवढाच होता, एक तर किंचित वाढलीच होती. पण तो दुसरा आकडा वर गेला होता. डॉक्टर ज़ुहैरचा चेहरा उजळला. हायेत मला मिठी मारून रडली. बदामाचे गोड लाडू घेऊन आली दुसऱ्या दिवशी, सगळ्या विभागाला वाटले. आणि मी पाहिलं, त्या दिवशी तुझी आई हायेतचा हात न धरता जिना उतरली.

आणि त्याच महिन्यात दोनदा स्कॅन केलेल्या सगळ्या रोग्यांचा हिशेब पुरा झाला. आकडा आपला आपण किती हलतो ते आता आमच्या हातात होतं. तुझ्या आईचा आकडा जितका चढला होता तितका तो औषधाचा थेंब न घेताही चढू शकत होता. तिच्या स्वतःच्याच दोन स्कॅनमध्ये, त्या अर्ध्या तासाच्या अलीकडे-पलीकडे, जवळपास तेवढाच फरक होता. मी तो कागद घेऊन डॉक्टर ज़ुहैरकडे गेले. ते भले माणूस. दार लावून घेऊन म्हणाले, “तिला सांगायलाच हवं. तिने विचारलं आणि आपण हसून वेळ मारून नेली, असं व्हायला नको.”

त्यांनी सांगितलं, मी शेजारी उभी होते. औषध लागू पडतंय असं आम्हाला म्हणता येत नाही. पुढे चालवायचं तर चालवू, थांबवायचं तर थांबवू. हायेत भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. तुझी आई माझ्याकडे वळली. “म्हणजे त्या दिवशी मी त्या यंत्रात दोनदा झोपले नसते, तर आज मी बरी होत असते?” मी म्हटलं, “बरं होत आहात असं आम्हाला वाटलं असतं, खालती. एवढंच.” ती हसली, शुक्री. खरंच हसली, फोड आलेल्या तोंडाने. “बघ बाई,” हायेतला म्हणाली, “माझी चांगली बातमी मीच खाल्ली.” आणि मग डॉक्टरांना, अगदी शांतपणे, “बंद करा ते विष. मला उन्हाळा हवाय.”

तिला उन्हाळा मिळाला. तोंड बरं झालं, जेवू लागली. तुझ्या चुलतभावाच्या लग्नात ती खुर्चीवर बसून खांदे नाचवत होती. तो फोटो हायेतने तुला पाठवला होता आणि तू म्हणाला होतास, आई बारीक झाली, पण छान दिसते. समुद्रात गेली, कपड्यांसकट, गळ्यापर्यंत, हायेतला ओरडायला लावून. आणि एकदा, न सांगता, रेल्वेने सूसला माझ्या घरी आली, वाळवलेला ऑक्टोपस घेऊन. माझा नवरा कामावर होता. माझी मुलगी दुर्रा अंगणात खेळत होती. तुझ्या आईने तिला जवळ बोलावलं, मांडीवर घेतलं आणि तिच्या हातांची बोटं एकेक धरून मोजली. “दहा आहेत,” म्हणाली. “लोहचुंबकाने काही केलं नाही म्हणायचं.” मग दुर्राच्या केसांत तोंड घातलं आणि बराच वेळ वर काढलं नाही. मी चहा ठेवायच्या निमित्ताने आत निघून गेले. याहून जास्त ती काही बोलली नाही, आणि मलाही याहून जास्त नको होतं.

शेवटचे दिवस सोपे नव्हते. खोटं सांगणार नाही. दुखत होतं. पण दुखणं थांबवायचं औषध होतं, घर स्वतःचं होतं, खिडक्या उघड्या होत्या. सकाळी गेली. हायेत तिचे पाय चोळत होती.

आता हे पत्र कशासाठी, ते लिहिते. तुझी आजी पोटाच्या दुखण्याने गेली, तुझी मावशी चाळिशीही न ओलांडता तशीच गेली, हे डॉक्टर ज़ुहैरनी खोदून खोदून विचारलं तेव्हा तुझी आई बोलली. तिचं रक्त तपासलं. हा दोष तुमच्या घराण्यात आईकडून मुलांकडे उतरणारा आहे. हायेतचं रक्त तपासलंय, तिच्यात तो नाही. तू राहिलास. उन्हाळ्याच्या शेवटी तुझ्या आईने मला बोलावून घेतलं आणि सांगितलं, मी मातीत गेल्यावर त्याला तू लिही. मी म्हटलं, हायेतने सांगितलं तर बरं, मी कोण? तर म्हणाली, “हायेतचं तो ऐकणार नाही, बायकांची भीती म्हणून हसण्यावारी नेईल. तुझं ऐकेल. तो माझ्यापेक्षा तुझं जास्त ऐकायचा, म्हणूनच तर तू मला नको होतीस.” शुक्री, जा आणि रक्त तपासून घे, आतड्यांची तपासणी करून घे, तिथल्या डॉक्टरांना द्यायचे सगळे कागद मी याच पाकिटात घातले आहेत. वेळेवर सापडलं तर यातून माणसं वाचतात, हे मी धीर द्यायला लिहीत नाही, रोज बघते म्हणून लिहिते. माझ्याविषयी, मागच्याविषयी काही लिहू नकोस. जाऊन आलो, एवढंच कळव.

त्या एका शब्दापुरता अजून तुझ्यावर हक्क सांगणारी, तेवढ्यापुरती तुझीच,
नाजिहा