दोर कोणी द्यायचा

४ जानेवारी, रविवार

सावंतसरांकडे गिर्यारोहण क्लबची मीटिंग, सीवूडला. माझा मि. गेला त्या तारखेच्या जवळचा रविवार बघून दर वर्षी स्मृती-मोहीम ठरते. यंदा २५. चहा संपायच्या आत सरांनी जाहीर करून टाकलं, या वेळी सुळक्यावर नेहमीच्या सोप्या वाटेने जायचं नाही. मिलिंदची अर्धी राहिलेली वाट पूर्ण करायची. पुढे अमेय चढणार. टाळ्या. मीही वाजवल्या, जरा जास्तच.

जो पहिल्यांदा वाट पुरी करतो त्याने तिला नाव द्यायचं, अशी या लोकांची रीत. अमेय म्हणाला, "नाव ठरलेलंय वैनी. मिलिंद मार्ग." मला एकदम भरून आलं. चार वर्षं तो कडा डोळ्यांपुढून हलत नाही. मि.ने ठोकलेली शेवटची मेख, तिला लोंबणारी विटकी पट्टी, आणि तिच्या वर नुसता काळा दगड. ती वाट एकदाची पुरी झाली तर मी पण...

नंतर आठवणी. मि. दर वर्षी इंचभर उंच होतो. यंदा तर त्याला भीती कशाशी खातात हे माहीतच नव्हतं म्हणे! झुरळ दिसलं की हा माणूस खुर्चीवर उभा राहायचा. पण बोलले नाही. ऐकायला गोड वाटतं, तर कशाला मोडता घाला.

दोर नेहमीप्रमाणे मीच द्यायचा.

५ जाने., सोम.

सासूबाईंना सांगितलं. आई मटार सोलत होत्या. हात थांबला नाही.

"म्हंजे आता दुसऱ्या आवशीचो झील काय?"

दुसऱ्या आईचा मुलगा म्हणजे अमेय. मी म्हटलं, तो तयारीचा आहे, क्लबात आत्ता त्याच्यासारखा कोणी नाही. त्या म्हणाल्या, "माझो पण तयारीचोच होतो." मग मटार संपेपर्यंत मीही सोलत बसले. त्यांना मालवणहून इकडे आणलं ते मि.नेच. आता आम्ही दोघी, जुईनगरचा दोन खोल्यांचा फ्लॅट आणि भिंतीवर हसणारा तो.

८ जाने., गुरु.

लंचला ऋतुजा आली. अमेयची बायको, मे महिन्यात लग्न झालंय. ऐरोलीला माझ्या ऑफिसच्या खाली उभी राहून फोन केला, "ताई, पाच मिनिटं येता?" टपरीवर चहा घेतला. तिने प्यायलाच नाही. एकदम म्हणाली,

"ताई, या वर्षी तुम्ही दोर देऊ नका."

पहिल्या वर्षी मी नुसतीच दगडासारखी बसून होते, म्हणून सरांनी सुरू केलेली ही पद्धत. नवा दोर आणायचा, त्याला हळदकुंकू लावायचं आणि घरच्या माणसाने तो पुढे चढणाऱ्याच्या हातात द्यायचा. मला बरं वाटावं म्हणून केलं होतं. आता तो नियम होऊन बसलाय.

ऋतुजा म्हणाली, "त्याला मी बोलले, त्याची मम्मी रडली, काय फरक नाही. पण तुम्ही दिल्याशिवाय तो दगडाला हात नाय लावणार. मला स्वतः बोललाय. तुम्ही फक्त नाही म्हणा ना. वाटल्यास आजारी पडा."

"लग्नाआधी माहीत नव्हतं तुला?"

"माहीत होतं. फोटो भारी वाटायचे."

माझंही तेच झालं होतं.

मी तिच्या पाठीवर हात ठेवला. "बोलते मी त्याच्याशी. तू टेन्शन घेऊ नकोस." अगदी मोठ्या जावेच्या थाटात. ती गेल्यावर आधी काय वाटलं ते लिहूनच टाकते. राग आला. आमची वाट अडवायला निघालीय, असा.

११ जाने., रवि.

सकाळी बेलापूरला गेले. दिवाळे गावच्या मासळी बाजारात आईंसाठी बांगडे घेतले आणि पिशवी घेऊनच टेकडीवर. तिथल्या मोठ्या शिळांवर पोरं सराव करतात. अमेय होताच. बोटांना पट्ट्या, अंगभर पांढरी पावडर. मला बघून खाली उतरला.

ठरवून गेले होते. सरळ सांगायचं, बाबा रे, मी दोर देणार नाही, घरी नवी बायको आहे. त्याऐवजी विचारलं, "कशाला रे चढता तुम्ही?" मि.ला हा प्रश्न मी कधी विचारलाच नाही. विचारला असता तर चेष्टा केली असती.

अमेयने चेष्टा केली नाही. विचार करून म्हणाला, "वैनी, खाली डोक्यात किती आवाज असतात. हप्ता, टार्गेट, मम्मीची शुगर. वर एकच काम असतं, पुढची पकड. ती मिळाली की पुढची. तेवढं साफ मला कुठेच वाटत नाय." मग म्हणाला, "आणि खरं सांगू का, मला पण भीती वाटते. सगळे बोलतात मिलिंददादाला वाटत नव्हती. मग मला लाज वाटते."

तिथे बोलायला हवं होतं. अरे, त्यालाही वाटायची. मोहिमेच्या आदल्या दिवशी जेवण जायचं नाही त्याला. डबा तसाच परत यायचा. एवढंच सांगायचं होतं! तोंडापर्यंत आलेलं गिळलं. क्लबात सगळ्यांच्या मनात जो मि. आहे, त्याला टाचणी लावायला जीव होईना.

"तुम्ही दोर दिलात की माझी भीती जाते," तो म्हणाला.

आणि मी म्हणाले, "देईन की."

बांगडे घरी पोचेपर्यंत नरमले. आईंनी वास घेऊन बाजूला ठेवले.

१४ जाने., बुध. संक्रांत

ऋतुजाची पहिली संक्रांत. घणसोलीला तिच्याकडे हळदीकुंकू. आमच्या सोसायटीत मला कोणी बोलवत नाही, मी पण मनावर घेत नाही. पण हिने तीनदा फोन केला. काळी साडी, अंगावर हलव्याचे दागिने, मुकुटसुद्धा. गोड दिसत होती.

तिची सासू कुंकवाची कोयरी घेऊन बायकांपुढून चालली होती. माझ्यापुढे आली आणि घुटमळली. ऋतुजाने पटकन कोयरी घेतली आणि माझ्या कपाळाला लावलं. वर तीळगूळ, वाण म्हणून डबा. बाकीच्या बायका छताकडे बघत होत्या.

मग स्वयंपाकघरात ओढून नेलं. "बोललात?"

"बोलले."

"काय म्हणाला?"

"विचार करतो म्हणाला."

इतकं सफाईदार खोटं मी आयुष्यात बोललेले नाही. तिने मिठीच मारली. हलव्याचा हार माझ्या खांद्याला टोचला. "मला माहीत होतं, तुमचं ऐकेल तो."

बाहेरच्या खोलीत अमेय पाहुण्यांना सरबत देत होता. मला बघून हसला.

येताना रिक्षात कपाळ पुसलं. मग वाटलं, का पुसलं?

१७, शनि.

दिवसभरात तीनदा फोन हातात घेतला. एकदा अमेयचा नंबर लावला, रिंग जायच्या आत कट केला. भांडी घासली. कपाट आवरलं.

१८ जाने., रवि.

का करत नाही मी फोन? इथे तरी खरं लिहावं.

बायकोने नको म्हटलं म्हणून अमेय थांबला, तर सगळे म्हणतील, शहाणा आहे पोरगा. बरोबरच आहे. पण मग मि. कोण ठरतो? निधड्या छातीचा गिर्यारोहक, असं सुळक्याच्या पायथ्याला त्याच्या स्मृतीच्या पाटीवर कोरलंय. थांबणारा जर शहाणा, तर मि. फक्त न थांबलेला. ज्याला घरातून कोणी अडवलं नाही, असा एक माणूस. आणि घर म्हणजे कोण? मीच.

त्याचा दोर तुटला नव्हता. मेख ठोकताना वरचा दगड निखळला आणि डोक्यात आला. कोणाचीच चूक नाही, सगळे हेच सांगतात. मीही चार वर्षं हेच सांगते. पण त्याच्या मरणाला काहीतरी अर्थ असावा म्हणून मला ती वाट पुरी झालेली हवी आहे, आणि त्यासाठी मी दुसरीच्या नवऱ्याला वर पाठवायला निघालेय. असं लिहिलं की किती भयंकर दिसतं. तरी फोन उचलला नाहीच.

२१ जाने., बुध.

आईंना सगळं सांगितलं. ऋतुजा टपरीवर आलेली, अमेय, संक्रांतीचं खोटं. वाटलं होतं चिडतील.

"मगे फोन कर. माका काय सांगतस?"

"करते."

मग स्वतःशीच म्हणाल्या, "पाटयेवर लय बरां लिवलानी. पाटी जेवान वाढ म्हणूक येत नाय."

आत गेले आणि रडले. फोन केला नाही. सरांना मेसेज टाकला, शनिवारी बसला मी वेळेवर येईन.

२४ जाने., शनि. सुळक्याखालची वाडी

संध्याकाळी पोचलो. देवळाच्या ओसरीवर मुक्काम. चाळीसेक माणसं, निम्मी नवी, मि.ला कधी न पाहिलेली. त्याच्या फोटोचे टीशर्ट घालून.

पायथ्याच्या पाटीला वाडीतल्यांनी शेंदूर लावलाय. गेल्या वर्षी नुसता ठिपका होता, आता अक्षरं बुजत आली. पुढे नारळाच्या करवंट्या. एक म्हातारी नमस्कार करून गेली. मी विचारलं, "कोणाचं ठाणं हे?" "चढनाऱ्यांचा देव हाय बाय. ह्याला नारळ दिला का वरनं दगड नाय पडत." हसू की रडू. आयुष्यात सत्यनारायणाला बसला नाही हा माणूस!

ऋतुजा बसमधून उतरली. मला वाटलं होतं येणार नाही. माझ्याजवळ आली, चिडलेली नाही, नुसती थकलेली. "तुमचं पण ऐकलं नाही ना त्याने? मला वाटलंच. तुम्ही केलंत तेवढं खूप केलंत ताई." मग हळूच, "उद्या दोराच्या वेळी तरी..."

"बघू," मी म्हणाले.

बघू! काय बघायचं शिल्लक होतं?

आत्ता ओसरीच्या त्या टोकाला अमेय ताट पुढ्यात घेऊन बसलाय. भाकरीचा तुकडा मोडलेला, तोंडात गेलेला नाही. मला ओळखीचं आहे ते. मी तिकडे पाठ करून लिहितेय.

२५ जाने., रवि. पायथा

वही गुडघ्यावर ठेवून लिहितेय, अक्षर वाईट येणार.

सकाळी सगळे गोल करून उभे राहिले. सर बोलले. दोन मिनिटं शांतता. मग, "आता वहिनींच्या हस्ते." सरांनी नव्या दोराचं भेंडोळं माझ्या हातात दिलं. सगळ्यांचे फोन वर. अमेय पुढे येऊन हात पसरून उभा. मागे ऋतुजा, माझ्याकडे बघत.

नाही म्हणायचं होतं. शपथेवर सांगते, त्या क्षणी म्हणणारच होते. पण तोंडातून आलं ते, "या वर्षी मी नाही, ऋतुजा देईल." आणि ते भेंडोळं मी तिच्या हातात ठेवलं.

लोकांना वाटलं मी मान दिला. टाळ्या पडल्या. सरांनी डोळे पुसले, म्हणाले, वा वहिनी, आता पुढची पिढी. ऋतुजाने माझ्याकडे पाहिलं. तिला वाटलं असेल मी तिला संधी दिली, तिच्या तोंडाने नाही म्हणायची. मलाही तसंच वाटून घ्यायचं होतं. पण चाळीस माणसांपुढे, नवरा हात पसरून उभा असताना, नाही म्हणता येत नाही. हे माझ्याइतकं इथे कोणाला माहीत आहे?

तिने दिला.

अमेयने तिच्या डोक्यावर हात ठेवला, मला वाकून नमस्कार केला आणि गेला.

खालून दोर सर सांभाळताहेत. मि.च्या वेळीही तेच होते. अमेय मि.च्या मेखेपर्यंत छान गेला. तिथे थांबला, पट्टीला हात लावून कपाळाला लावला. खालून पोरं ओरडली, मिलिंददादा की जय. मग वरच्या काळ्या भागात शिरला. आता तिथल्या फुगवट्यामुळे तो दिसत नाही, नुसता दोर दिसतो. मधूनच हाक येते, "दोर सोड." सर हातभर सोडतात. पुन्हा शांत. पुन्हा हाक. मेख ठोकल्याचे आवाज.

ऋतुजा माझ्याशेजारी येऊन बसली. पाणी दिलं, घेतलं नाही. म्हणाली, "ताई, तुम्ही खरंच बोलला होतात त्याच्याशी?"

"नाही."

वाटलं, उठून जाईल. उठली नाही. ओरडलीही नाही. म्हणाली, "आता तो खाली येईपर्यंत तुम्ही इथून उठायचं नाही."

मघापासून दोर हललेला नाही. हाकही नाही. सरांनी वरती आवाज दिला, उत्तर नाही. वारा आहे, ऐकू जात नसेल, असं कोणीतरी म्हणालं. सगळे माना वर करून उभे आहेत. ऋतुजा वर बघत नाही. तिने माझा डावा हात दोन्ही हातांत घट्ट धरलाय, नखं रुततील इतका, आणि मला तो सोडवून घ्यावासा वाटतोय.