गाऊन मागितलेलं पाणी

तात्या, तुमच्याविषयी बोलताना लोक तुमची पेटी सांगतात, भजनातला आवाज सांगतात. मला आधी तुमचा राग आठवतो. भवानीनगरच्या साखर कारखान्यात तुम्ही फिटर होता. पाळी संपवून घरी आलात की हाताचं ग्रीस आधी रॉकेलनं पुसायचात, मग साबणानं धुवायचात, नखं निरखायचात आणि मगच पेटीचं झाकण उघडायचात. त्यानंतर घरात कोणी बोललेलं चालत नसे. आई मुद्दाम भांडी आपटायची. "पेटीशीच लगीन लावायचं हुतं," म्हणायची. तुम्ही भाता हलवत म्हणायचात, "लावलंच असतं, पर तिला भाकरी थापता येत न्हाय." डाळजला तुमचे वडील मेंढरांमागं ओव्या गात हिंडले. मेंढरं सुटली, गाणं तेवढं घेऊन तुम्ही कारखान्याच्या वसाहतीत आलात. वसाहतीच्या गणपतीत मी एकदा रेडिओवरच्या बाईसारखा आवाज काढून गायले. टाळ्या पडल्या. घरी येताना तुम्ही एवढंच म्हणालात, "त्यो आवाज तिचा हाय. तुझा कुठं ठिवलास?" मी आठवडाभर तुमच्याशी बोलले नाही. तुम्हीही समजूत काढली नाहीत.

तुमच्या अंगावरून वारं गेलं तेव्हा माझी मुलगी दुसरीत होती. पंच्याण्णव-शहाण्णवची गोष्ट असेल. बारामतीच्या दवाखान्यातून तुम्हाला आम्ही भवानीनगरला, आमच्याच घरी आणलं. उजवा हात मांडीवर पडून असायचा आणि बोलणं गेलेलं. समोरच्याचं सगळं कळायचं, पण सांगायला गेलात की तोंडातून भलतंच यायचं. पाणी हवं असलं की "दार, दार" म्हणायचात. आई दार लावायची, उघडायची, पुन्हा लावायची. एका सकाळी तुम्ही डाव्या हातानं ताट भिरकावलंत. वरण भिंतीवर उडालं. आई फरशी पुसत म्हणाली, "माझ्यावर काढा, पर सांगा तरी काय हवं!" तुम्ही तोंड भिंतीकडे फिरवलंत. डॉक्टर म्हणाले होते, सुधारेल, वेळ लागेल. आम्हाला ते खरं वाटत नव्हतं, आणि तुम्हाला तर मुळीच नाही.

मुलगी तुमच्या पेटीवर सरगम घोकायची. तिला ती तुम्हीच शिकवली होती, आजाराच्या आधी. त्या दिवशी ती गंधार चुकत होती. शेजारची काळी पट्टी दाबत होती, पुन्हा पुन्हा तीच. मी चपात्या लाटतेय, आई लसूण सोलतेय, आणि खाटेवरून आवाज येतो, "सा रे ग." स्वच्छ, अगदी जागच्या जागी. मुलगी वळून म्हणाली, "आबा, तुम्ही बोललात!" तुम्ही बोलायला गेलात आणि पुन्हा "दार" आलं. मग तुम्ही डोळे मिटलेत नि पुढची सरगम गाऊन दाखवलीत, पार वरच्या सा पर्यंत. आईच्या हातातला लसूण तसाच राहिला.

डॉक्टरांना सांगितलं तेव्हा ते हसले नाहीत. "गाणं मेंदूत वेगळ्या जागी असतं. बोलून जमत नाही ते गाऊन घ्या," म्हणाले. मग आमच्या घरी तो उद्योग सुरू झाला. मुलगी भजनाच्या चालीत "पा-णी द्या" म्हणायची, तुम्ही तिच्यामागून. कितीतरी दिवस शब्द मध्येच सांडायचे. पण एका दुपारी तुम्ही कोणी न सांगता गाऊन पाणी मागितलंत आणि आईनं तांब्या इतका घाईनं आणला की निम्मं पाणी तुमच्या सदऱ्यावर सांडलं. तुम्ही हसलात. आजारानंतर पहिल्यांदाच. आईलाही आम्ही सांगितलं, तूही चालीत विचार, त्यांना सोपं जाईल. ती पदरात तोंड लपवून म्हणाली, "मला न्हाय बाई जमत. उभ्या जन्मात गाणं म्हटलं न्हाय."

त्याच वर्षी इंदापूरला आत्याच्या मुलाचं लग्न होतं. तुम्ही हट्टानं आलात. मांडवात तुम्हाला खुर्चीवर बसवलं. माणसं येत, तुमच्या खांद्यावर हात ठेवत आणि तुमच्या डोक्यावरून आमच्याशीच बोलत. तुमच्या भजनी मंडळातला एक जुना मृदंगवाला आईला म्हणाला, "वैनी, लई वाईट झालं. आता कळत बी नसंल काय त्यास्नी." तुम्ही मान वर केलीत. चेहरा लाल झाला, ओठ हलले, आणि मला वाटलं आता काहीतरी फेकणार. तुम्ही गायलात. काकड्याच्या चालीत, मांडवभर ऐकू जाईल असं: "कळतंय रं गड्या, समदं कळतंय." पोरं फिदीफिदी हसली. मृदंगवाल्याचं तोंड उतरलं. तुम्हाला पुढे काहीतरी म्हणायचं होतं, पण शब्द सापडेना. चाल तशीच लोंबकळत राहिली. तेव्हा माझ्या शेजारून आवाज आला, जाडाभरडा, सुराला कुठंच न लागणारा: "अवं, जेवायला वाढू का तुमास्नी?" आई गात होती. डोक्यावरचा पदर दोन्ही हातांनी धरून, जमिनीकडे बघत. तुम्ही तिच्याकडे पाहिलंत आणि त्याच चालीत म्हणालात, "वाढ की." मृदंगवाला खाली तुमच्या पायाशी बसला आणि खुर्चीच्या पायावर ठेका धरू लागला. त्याचे डोळे भरून आले होते.

त्यानंतर तुम्ही दोन-तीन वर्षं काढलीत. बोलणं थोडं परतलं, पण अडलात की चाल लागायची. आई उत्तर द्यायची. ती शेवटपर्यंत बेसूरच गायली आणि तुम्ही तिला एकदाही सुधारलं नाहीत. मला मात्र सुधारायचात, डोळ्यांनीच. तुम्ही भवानीनगरलाच गेलात, उसाचा हंगाम चालू असताना. कारखान्यातून दोन पाळ्यांची माणसं आली.

हे पत्र कुठं पाठवायचं नाही, म्हणून सांगते. परवा माझ्या नातीनं, तुमच्या पणतीनं विचारलं, आजारी पडण्याआधी पणजोबा कसे बोलायचे? मी तुमची वाक्यं म्हणून दाखवली, ती सगळी पाठ आहेत. पण तात्या, म्हणताना कळलं, त्या वाक्यांतला तुमचा बोलण्याचा आवाज मला आता आठवत नाही. गातानाचाच आठवतो.